४.६ तारे म्हणजे नेमकं काय? नव्या शहरात रेस्टॉरंट निवडताना रिव्ह्यू कसे वाचावेत

नव्या शहरात संध्याकाळी साडेसातला भूक लागते. फोनवर ‘जवळचं चांगलं रेस्टॉरंट’ असं टाकलं की दहा नावं समोर येतात. पहिल्याला ४.७, दुसऱ्याला ४.६, सातव्याला ४.३. बहुतेक जण पहिल्या तिघांतलं एखादं निवडून निघतात. पण ही यादी लागते कशी, त्या ४.७ मध्ये कोणाकोणाची मतं आहेत आणि त्यातलं आपल्या ताटाशी संबंधित किती, हे एकदा समजून घेतलं तर तोच फोन कितीतरी जास्त कामाला येतो. रिव्ह्यूंमध्ये माहिती भरपूर असते, फक्त ती आकड्यात थोडी आणि मजकुरात जास्त असते.

पहिला नंबर कशाचा?

गूगल मॅप्सवरची यादी ही चवीची क्रमवारी नव्हे. तिथे कोण वर आणि कोण खाली हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं आणि त्या कंपनीने स्वतःच सांगितल्या आहेत: तुम्ही जे शोधलं त्याच्याशी ठिकाण किती जुळतं, ते तुमच्यापासून किती लांब आहे आणि ते किती प्रसिद्ध आहे. रिव्ह्यूंची संख्या आणि रेटिंग या तिसऱ्या भागात मोडतात. म्हणजे चवीशी थोडाफार संबंध असलेली गोष्ट तिघांपैकी एकीच्या पोटात दडलेली आहे. अंतराचा जोर किती असतो ते पाहायचं असेल तर नकाशा दोन-तीन किलोमीटर सरकवा आणि तेच शब्द पुन्हा शोधा. वरची नावं बदललेली दिसतील. मुक्कामाच्या खोलीत बसून शोधलेली ‘शहरातली उत्तम रेस्टॉरंट’ ही बरेचदा त्या खोलीच्या आसपासची बरी रेस्टॉरंट असतात.

त्यात जाहिराती मिसळतात. यादीच्या डोक्यावरच्या एक-दोन नावांशेजारी ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घाईत ते नजरेतून सुटतं. घरपोच जेवण देणाऱ्या ॲपवर तर पैसे देऊन वरची जागा घेण्याची सोय उघड असते.

ट्रिपॲडव्हायजर हे प्रवाशांच्या रिव्ह्यूंचं संकेतस्थळ ‘शहरात क्रमांक अमुक’ असं सांगतं. तो क्रमांक रिव्ह्यू किती चांगले, किती आणि किती ताजे यांवरून काढतात. रिव्ह्यूंपलीकडे त्याला काही दिसत नाही, आणि हे किती ताणता येतं ते २०१७ मध्ये लंडनमध्ये दिसलं. ऊबाह बटलर नावाच्या लेखकाने आपण राहत असलेल्या बागेतल्या शेडची ‘द शेड ॲट डलिच’ या नावाने नोंदणी केली. फोटोंमधल्या ‘पदार्थां’त दाढीचा फेस आणि ब्लीचच्या गोळ्या होत्या. रिव्ह्यू ओळखीच्यांकडून लिहून घेतले. टेबल राखून ठेवायला फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘जागा नाही’ एवढंच उत्तर मिळायचं, त्यामुळे लोकांची उत्सुकता वाढत गेली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये, एकाही गिऱ्हाइकाला जेवायला न घालता, ते ठिकाण लंडनमधल्या अठरा हजारांहून जास्त रेस्टॉरंटांत पहिलं आलं. याचा अर्थ सगळ्या याद्या खोट्या असतात असा नाही. क्रमांक हे रिव्ह्यूंचं मोजमाप आहे आणि स्वयंपाकघर त्या मोजणीत कुठेच नाही, एवढं मात्र त्यातून पक्कं कळतं.

सरासरीचं गणित

समजा एका ठिकाणाला ४० रिव्ह्यूंवर ४.९ आहेत आणि दुसऱ्याला २३०० रिव्ह्यूंवर ४.४. कोणतं चांगलं? नुसत्या आकड्याने पहिलं. पण ४० मतांवर किती विसंबायचं?

संख्याशास्त्रात याला एक जुना, साधा उपाय आहे. प्रत्येक रेस्टॉरंटच्या खात्यात आधीच काही ‘मध्यम’ मतं घालायची आणि मग सरासरी काढायची. शहरातलं साधारण रेटिंग ४.२ धरू आणि अशी १०० मतं घालू. पहिल्याचं गणित असं: ४० गुणिले ४.९ म्हणजे १९६, त्यात १०० गुणिले ४.२ म्हणजे ४२० मिळवले, बेरीज ६१६. भागिले १४०, उत्तर ४.४. दुसऱ्याचं: २३०० गुणिले ४.४ म्हणजे १०,१२०, अधिक ४२०, भागिले २४००, उत्तर ४.३९. दोघं बरोबरीत आले. १५ रिव्ह्यूंवरचं झळझळीत ५.० याच हिशेबाने ४.३ वर येतं. चित्रपटांच्या संकेतस्थळांपैकी आयएमडीबीने आपल्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठी याच जातीचं सूत्र जाहीर केलं होतं. रस्त्यात उभं राहून हे सगळं करायची गरज नाही. रिव्ह्यू शंभराच्या आत असतील तर आकडा मनातल्या मनात शहराच्या सरासरीकडे ओढायचा, इतकं पुरतं.

दशांशातल्या फरकाचंही तसंच आहे. लोकांच्या मतांमध्ये साधारण एका ताऱ्याचा विखुरलेपणा धरला, तर २५ रिव्ह्यूंच्या सरासरीत ०.४ ताऱ्यांची चूक सहज असू शकते. १०० रिव्ह्यूंवर ती ०.२ आणि ४०० रिव्ह्यूंवर ०.१ होते. म्हणून ३० रिव्ह्यूंवरचे ४.५ आणि ४.३ हे वेगळे आकडे मानायचं कारणच नाही. शेकडो रिव्ह्यू असलेल्या दोन ठिकाणी ४.६ आणि ३.९ असा फरक असेल तर तो खरा आहे, त्याची दखल घ्यावी.

छोट्या खात्यात एक रिव्ह्यू किती उलथापालथ करतो तेही पाहा. १० रिव्ह्यूंवर ४.८ असलेल्या नव्या ठिकाणाला कोणी एक तारा दिला की सरासरी ४.४५ वर येते. ती पुन्हा ४.८ करायला पाच ताऱ्यांचे तब्बल १९ रिव्ह्यू लागतात. नुकत्याच उघडलेल्या जागेचं रेटिंग कमी दिसलं तर आधी रिव्ह्यू किती आहेत ते बघा. एखाद्या रागावलेल्या गिऱ्हाइकाचं वजन त्यावर पडलेलं असू शकतं.

याच्या उलट, मोठं खातं हलतच नाही, आणि नवख्याला जास्त फसवतं ते हे. १८०० रिव्ह्यूंवर ४.५ असलेल्या रेस्टॉरंटचा मुख्य आचारी सोडून गेला, जेवण घसरलं आणि पुढच्या १०० जणांनी सरासरी ३.२ दिले. साध्या सरासरीने नवं रेटिंग ४.४३, स्क्रीनवर ४.४. नवा ग्राहक म्हणतो, ‘चारपूर्णांक चार, उत्तमच!’ प्रत्यक्षात तो चार वर्षांपूर्वीच्या जेवणाचं प्रमाणपत्र वाचत असतो. जागा तीच, नाव तेच, पण मालक बदलला तरी जुने तारे तसेच राहतात.

आणि सरासरी कशाची बनली आहे तेही पाहायला हवं. एका ठिकाणी १०० जणांत २० पाच, ६२ चार, १६ तीन आणि २ दोन तारे आहेत. दुसरीकडे ७२ पाच, ६ तीन आणि २२ एक. दोन्हींची सरासरी बरोबर ४.०. पहिली जागा रोजच्या रोज ठीक जेवण देते. दुसऱ्या जागेतून दर पाचांतला एक जण वैतागून उठतो. रेटिंगच्या आकड्याशेजारी ताऱ्यांच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या आधी बघाव्यात. तळाची एक ताऱ्याची पट्टी लांब असेल तर ते रिव्ह्यू उघडून कारण शोधा. सगळे एकाच गोष्टीवर चिडलेत का (शनिवारची गर्दी, राखून ठेवलेलं टेबल न मिळणं, बिलात न सांगता लावलेली रक्कम) की तक्रारी विखुरलेल्या आहेत? एकच कारण असेल तर ते टाळता येतं.

तारे कोण देतं आणि कशाबद्दल

जेवून बाहेर पडलेल्या बहुतेकांनी काहीच लिहिलेलं नसतं. लिहितात ते फार खूश झालेले किंवा फार चिडलेले, म्हणून रिव्ह्यूंचा आलेख इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो: पाचवर उंच, एकवर थोडा उंच, मध्ये खड्डा. ‘ठीक होतं’ असं वाटलेला माणूस घरी जाऊन झोपतो. त्याचं मत नोंदवलं जात नाही, आणि तुमचा अनुभव त्याच्यासारखाच असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

आधीचे तारे पुढच्याच्या हाताला ढकलतात, हाही भाग आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या प्रयोगात एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना संशोधकांनी सुरुवातीलाच एक बनावट पसंती दिली. अशा प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. तो प्रयोग जेवणावरचा नव्हता. पण ४.८ बघून आत आलेला माणूस कोऱ्या मनाने जेवत नाही, हे समजायला तो पुरेसा आहे.

तारा हा अनुभव आणि अपेक्षा यांच्यातला फरक असतो. साध्या बाकड्यावर बसून फारशा अपेक्षेविना खाणारा पाच देतो. महागड्या ठिकाणी वर्षाचा समारंभ करायला आलेला, पदार्थ त्याहून उत्तम असूनही, वीस मिनिटं थांबावं लागलं म्हणून तीन देतो. म्हणून वेगवेगळ्या जातीच्या जागांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. गाजावाजा झालेल्या जागेचं रेटिंग घसरणं हेही बरेचदा यामुळेच होतं. पुस्तकांबाबत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पुरस्कार मिळाल्यावर वाचक वाढतात आणि सरासरी रेटिंग उतरतं, कारण ज्यांना त्या प्रकारचं पुस्तक आवडत नाही तेही ते उचलतात. रेस्टॉरंटला पुरस्कार मिळाला की तसाच नवा घोळका येतो.

ताऱ्यांची पट्टीही सगळीकडे सारखी नाही. जपानच्या ताबेलोग या संकेतस्थळावर ३.५ म्हणजे चांगलंच वरचं रेटिंग समजलं जातं. दुसऱ्या एखाद्या ॲपवर ३.५ बघून माणूस पुढे सरकेल. नव्या देशात पोहोचल्यावर आधी दहा-बारा ठिकाणं चाळून तिथलं ‘साधारण’ काय आहे ते ठरवा आणि मग कोण वर, कोण खाली ते बघा.

शिवाय एकाच ताऱ्यात चव, आदब, आवाज, पार्किंग, बाहेरचं दृश्य, थांबण्याचा वेळ असं सगळं कोंबलेलं असतं. पायी जाणाऱ्याला पार्किंगवरून दिलेला एक तारा बिनकामाचा. उलट दृश्यावरून दिलेले पाच तारे जेवणाबद्दल काहीच सांगत नाहीत. प्रसिद्ध स्मारकासमोरच्या रेस्टॉरंटांत ही गल्लत सर्वांत जास्त होते. तिथलं गिऱ्हाईक एकदाच येतं आणि पुन्हा येणार नसतं, त्यामुळे जेवण बिघडलं तरी दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं राहत नाही. वस्तीतल्या खाणावळीचं तसं नाही. तिचे पन्नास नेहमीचे लोक दुखावले तर महिन्याभरात ती बसते. म्हणून ‘दर गुरुवारी येतो’, ‘ऑफिसच्या मागेच आहे’, ‘आता तिसऱ्यांदा आलो’ अशा वाक्यांना फार वजन द्यावं.

खोटे, मागून घेतलेले आणि गाळलेले

खोट्याचा मोह का होतो, ते पैशांत मोजलं गेलं आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले संशोधक मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांची येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावरची रेटिंग आणि विक्री ताडून पाहिली. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, आणि तेही स्वतंत्र रेस्टॉरंटांचं. साखळी रेस्टॉरंटांना तारे फारसे हलवत नाहीत, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. सॅन फ्रान्सिस्कोवरचा २०१२ चा अभ्यास तर आणखी बोलका आहे. येल्प तेव्हा सरासरी जवळच्या अर्ध्या ताऱ्याला आणून दाखवायचं. ३.२४ असलेल्याला ३ तारे दिसायचे आणि ३.२६ असलेल्याला ३.५. जेवणात फरक नाही, पण त्या जास्तीच्या अर्ध्या ताऱ्यामुळे गर्दीच्या वेळची सगळी टेबलं भरण्याचं प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरांत १९ जास्त वेळा) वाढलं. उंबरठ्याच्या जरा खाली असलेल्या मालकाला दहा-वीस रिव्ह्यू विकत घ्यावेसे वाटले तर कारण हे.

लुका आणि त्यांचे सहलेखक झेरवास यांनी बॉस्टनमधल्या येल्प रिव्ह्यूंचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. येल्पच्या गाळणीने त्यांपैकी साधारण १६ टक्के रिव्ह्यू संशयास्पद ठरवले होते. नाव खालावलेल्या किंवा अजून थोडेच रिव्ह्यू असलेल्या रेस्टॉरंटांमध्ये स्वतःची खोटी स्तुती जास्त सापडली, आणि जवळपास तशाच प्रकारचं दुसरं रेस्टॉरंट असेल तिथे खोटी निंदा. गणितानेही हे जुळतं. ६० रिव्ह्यूंवर ४.० असलेल्या जागेने पाच ताऱ्यांचे २० खोटे घातले की ती ४.२५ वर जाते. २००० रिव्ह्यू असलेल्या जागेला तेवढेच खोटे घातले तर ४.०१. म्हणजे खोट्याची भीती लहान खात्यात जास्त.

यांपेक्षा जास्त वेळा दिसतात ते मागून घेतलेले रिव्ह्यू. जेवणारा माणूस खरा, जेवण खरं, पण बिल देताना वेटर फोन पुढे करतो, ‘पाच तारे दिलेत तर गोड आमच्याकडून’. ओळख पटवायची खूण सोपी आहे: मजकुरात पदार्थाचं नाव नसतं आणि वेटरचं असतं. ‘अमुक यांनी फार छान सेवा दिली’ असे ओळीने दहा रिव्ह्यू दिसले तर तिथे कर्मचाऱ्यांना नावानिशी रिव्ह्यू मिळवण्याचं बक्षीस असण्याची दाट शक्यता आहे. आणखी एक युक्ती म्हणजे आधी खासगीत विचारायचं, ‘जेवण कसं वाटलं?’ खूश माणसाला रिव्ह्यूच्या पानावर पाठवायचं, नाखूश माणसाला तक्रारीच्या अर्जावर. त्यात एकही रिव्ह्यू खोटा नसतो, फक्त अर्धी मतं बाहेर येत नाहीत. गूगलच्या नियमांत हे बसत नाही, पण बाहेरून ओळखणंही कठीण.

कायदे आता मागे लागले आहेत. युरोपीय संघात मे २०२२ पासून खोटे रिव्ह्यू देणं-घेणं अनुचित व्यापारात मोडतं. भारतात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंवरचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, आणि चांगलंच मत लिहिण्याच्या अटीवर बक्षीस देणंही त्याने बंद केलं आहे. तरी प्रत्यक्ष वाचताना कायदा शेजारी उभा नसतो, म्हणून नजर तयार करावी लागते.

हे दोन नमुने शेजारी ठेवून बघा. दोन्ही इथे उदाहरणासाठी रचलेले आहेत.

पाच तारे: ‘अप्रतिम जेवण, सुंदर वातावरण, नम्र कर्मचारी. कुटुंबासोबत नक्की भेट द्या. शहरातलं सर्वोत्तम ठिकाण!’

तीन तारे: ‘मंगळवारी दुपारी दीडला दोघं गेलो. भाजलेला मासा ताजा होता, काटे नीट काढलेले. सूप कोमट आलं, सांगितल्यावर पाच मिनिटांत गरम करून दिलं. आतल्या खोलीत आवाज घुमतो, खिडकीजवळ बसा. शेवटचं गोड फ्रीजमधून काढून तसंच दिल्यासारखं.’

पहिला रिव्ह्यू जगातल्या कुठल्याही रेस्टॉरंटला चिकटवता येईल. तो खोटाच आहे असं म्हणता येणार नाही, पुष्कळ भले लोक असंच लिहितात. मात्र त्यातून निर्णयाला मदत शून्य. दुसऱ्यात दिवस आहे, वेळ आहे, किती जण होते ते आहे, चूक आहे आणि चूक सांगितल्यावर काय झालं तेही आहे. मासा मागवा, गोड बाहेर खा, खिडकीजवळ बसा असा सल्लाच त्यातून मिळतो. तीन ताऱ्यांच्या या रिव्ह्यूमुळे त्या ठिकाणी जावंसं वाटतं, आणि तसं वाटणं बरोबर आहे.

संशय आला तर रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा. एकच रिव्ह्यू असलेली खाती बरीच, त्याच आठवड्यातल्या तारखा, किंवा एकाच दिवशी परस्परांपासून शेकडो किलोमीटर दूरच्या जागांना पाच-पाच तारे: यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ते खातं सोडून द्यावं. नुसतं एक रिव्ह्यूचं खातं मात्र पुरावा नव्हे. कधी तरी प्रत्येकाचा पहिला रिव्ह्यू असतोच.

वीस मिनिटांचं काम

शोधताना ‘सर्वोत्तम रेस्टॉरंट’ असं टाकू नका. हव्या त्या पदार्थाचं नाव टाका, आणि शक्य असेल तर तिथल्या भाषेत, तिथल्या लिपीत. भाषांतर करणाऱ्या ॲपमधून शब्द घेऊन चिकटवायला दहा सेकंद लागतात आणि यादी पार बदलते, कारण स्थानिक लोक त्याच शब्दांत लिहितात. नकाशा मुक्कामावर न ठेवता, जेवायच्या वेळी आपण जिथे असू तिथे ठेवा.

मग छाटणी. रेटिंग वापरायचं ते खालची नावं उडवायला. तिथल्या साधारणपेक्षा बरंच खाली असलेलं आणि पुरेसे रिव्ह्यू असलेलं ठिकाण वगळा. उरलेल्यांत ४.३ आणि ४.६ असा भेद करू नका. पाच-सहा नावं राहतील.

प्रत्येकाचे रिव्ह्यू ‘नवे आधी’ असे लावा. आपोआप येणारा क्रम ‘महत्त्वाचे’ असा असतो आणि त्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचे गाजलेले रिव्ह्यू वर बसलेले असतात. गेल्या तीन महिन्यांतले पंधरा वाचा. त्यांत दोन आणि तीन ताऱ्यांचे आधी, कारण तिथे माणूस चांगलं-वाईट दोन्ही सांगतो. एकच तक्रार तिघांनी स्वतंत्रपणे केली असेल तर ती खरी धरा. ‘नवा मालक’, ‘मेनू बदलला’, ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे शब्द दिसले की त्या तारखेआधीचं सगळं विसरा. रिव्ह्यूंच्या आत शोधायची सोय असते, तिथे आपल्या पदार्थाचं नाव टाकलं की शेकडो रिव्ह्यूंतले कामाचे आठ-दहा हाती लागतात. ॲलर्जी असणाऱ्यांनी हे करावंच, पण त्यावर थांबू नये. त्या बाबतीत स्वयंपाकघराशी थेट बोलल्याशिवाय दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

फोटो पाहताना मालकाने टाकलेले वगळून ग्राहकांचे पाहा, तेही नवे. ताटापेक्षा मेनूचा फोटो जास्त सांगतो. चार वेगवेगळ्या देशांचे मिळून दीडशे पदार्थ आणि मागे छोटं स्वयंपाकघर असेल तर बरंचसं जेवण गोठवलेलं किंवा आधीच करून ठेवलेलं असणार, कारण इतक्या पदार्थांचा ताजा माल रोज ठेवणं परवडत नाही. मालकाची उत्तरंही वाचावीत. प्रत्येक तक्रारीखाली तेच छापील वाक्य असेल तर त्यातून काही कळत नाही, पण ‘त्या दिवशी भट्टी बंद पडली होती’ अशी नेमकी कबुली दिसली तर तिथे कोणीतरी लक्ष घालणारं आहे.

इथे नेहमी होणारी एक चूक म्हणजे शाखांची गल्लत. एकाच नावाच्या दोन शाखांपैकी गाजलेली दुसरीच असते आणि माणूस जवळच्या शाखेत जाऊन बसतो. पत्ता जुळवून घ्या. उघडण्याच्या वेळाही बऱ्याचदा जुन्या असतात आणि सणासुदीला तर हमखास चुकतात, म्हणून निघण्याआधी एक फोन करा. स्वयंपाकघर दार बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी मागणी घेणं थांबवतं, ते विचारा.

ताऱ्यांबाहेरचा एखादा स्रोत जोडला तर निवड बरीच पक्की होते. काही ठिकाणी सरकारी स्वच्छतेची श्रेणी उघड असते: इंग्लंड आणि वेल्समध्ये ० ते ५ असे गुण, न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून दारावर ए, बी, सी अक्षर. ती श्रेणी चवीबद्दल काहीच सांगत नाही, पण तपासणी अधिकारी आत जाऊन आलेला असतो. मिशेलिन हे रेस्टॉरंटांचं मार्गदर्शक १९२६ पासून तारे देतं, त्याचे निरीक्षक नाव न सांगता जेवतात आणि तारा फक्त जेवणावर ठरतो. मात्र ते निवडक देश आणि शहरांपुरतंच आहे. स्थानिक वर्तमानपत्रातला खाद्यसमीक्षक त्याहून जास्त उपयोगी, कारण तो त्याच शहरात वर्षानुवर्षं जेवतो आणि त्याच्या आवडीनिवडी चार लेखांत कळतात.

माणसांना विचारताना प्रश्न नीट विचारा. ‘इथलं सगळ्यात चांगलं रेस्टॉरंट कोणतं?’ म्हटलं की माणूस पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं उत्तर देतो, आणि राहण्याच्या हॉटेलातल्या स्वागतकक्षात कधीकधी त्या उत्तरामागे कमिशन असतं. ‘तुम्ही गेल्या आठवड्यात बाहेर कुठे जेवलात?’ असं विचारा. दुकानदार, टॅक्सीचालक, लाँड्रीवाला, कोणालाही. तीन उत्तरांत एक नाव दोनदा आलं तर रेटिंग न बघता जायला हरकत नाही.

दारात पोहोचल्यावर फोन खिशात ठेवा. स्थानिक जेवणवेळेला आत कोण बसलंय ते बघा. बाहेर उभं राहून आत ओढणारा माणूस असेल तर पुढे चला. आत गेल्यावर एकदम सगळं मागवण्याची घाई नको. एक छोटा पदार्थ मागवा, तो चांगला असला तर पुढचं, नाहीतर बिल चुकतं करून उठा. नव्या शहरात पोटातली जागा मोजकीच असते, ती वाया घालवू नये.

दिवस कमी असतील तर

पाच दिवसांच्या मुक्कामात दहा जेवणं धरली, तर धोका पत्करायचा तो पहिल्या दोन दिवसांत. गणितात ‘शोध की वापर’ असा एक प्रसिद्ध प्रश्न आहे: नवं करून पाहायचं की सापडलेल्या चांगल्यावर थांबायचं? उत्तर उरलेल्या वेळावर अवलंबून असतं. पहिल्या दिवशी सापडलेलं उत्तम ठिकाण आणखी दोन-तीनदा उपभोगता येतं. शेवटच्या रात्री सापडलं तर त्याचा उपयोग एकदाच. म्हणून सुरुवातीला कमी रिव्ह्यूंची, वस्तीतली, अनोळखी ठिकाणं करून पाहा आणि शेवटच्या दोन जेवणांना आवडलेल्याच जागी परत जा. दुसऱ्यांदा गेल्यावर तिथलं दुसरं काहीतरी मागवता येतं आणि पहिलं जेवण योगायोगाने चांगलं जमलं होतं का, तेही कळतं. बहुतेक रिव्ह्यू एकाच भेटीवर लिहिलेले असतात, तुमच्याकडे दोन भेटींची माहिती असेल.

ती लिहून ठेवलीत तर पुढच्या नवख्याला खरी मदत होईल. त्यासाठी चार-पाच ओळी पुरतात: कोणत्या दिवशी, किती वाजता, किती जण, नावानिशी काय मागवलं, काय जमलं, काय बिघडलं आणि सांगितल्यावर त्यांनी काय केलं. मेनूचा स्पष्ट फोटो जोडा. वेटरने फोन पुढे केला तर नम्रपणे ‘नंतर लिहितो’ म्हणा आणि खरंच नंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा. जेवण नुसतं ठीक झालं असेल तर तेही लिहा, तीन तारे देऊन. त्या आलेखातल्या मधल्या खड्ड्यात नेमकं हेच मत कमी पडतं.